अर्ध्या दाढीतली गोष्ट

आमच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला बोलता येत नाही. तोंडभर फेस, मान मागे, गळ्याशी वस्तरा. अशा वेळी तो गप्प बसतो आणि न्हावी बोलतो. मी तर बोलतोच. आमची ही म्हणते, तुमची कात्री आणि तोंड एकाच किल्लीवर चालतात. खोटं नाही. आणि याच सवयीपायी एकदा आम्ही घरातली सगळी माणसं किती दिवस नुसती वाळत होतो, ते सांगतो. आता हसत सांगतोय, तेव्हा हसू येत नव्हतं.

माझं दुकान शाळेच्या फाटकासमोर. दोन खुर्च्या. एक लोखंडी, जुनी, पायानं दांडी दाबली की वर जाणारी. पोरं त्या खुर्चीसाठीच केस वाढवतात की काय, अशी शंका येते. दुसरी खुर्ची नवी, ती माझ्या पोरीची. पोरगी एकुलती एक. लहानपणी एवढीशी होती म्हणून सगळे तिला टिल्ली म्हणायला लागले. आता माझ्यापेक्षा टीचभर उंच आहे, पण नाव तेच. लग्न झालंय, दोन गल्ल्या सोडून राहते, जावई बेकरीची गाडी चालवतो. कात्री माझ्याकडूनच शिकली आणि माझ्यापेक्षा बरी चालवते. बायका आणि मुली तिच्याकडे, पुरुष आणि पोरं माझ्याकडे, अशी आमची वाटणी.

तर त्या वर्षी टिल्लीला दिवस गेले होते. तिसरा महिना लागला होता. आधीचं एक पोटातच गेलं होतं, म्हणून या वेळी आम्ही कुणाला काही बोललो नव्हतो. माझ्यासारख्या माणसाला एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवायची म्हणजे शिक्षाच. पण ठेवली.

दरवर्षी शाळेत वर्गावर्गाचे फोटो काढतात. त्याच्या आधी सगळी शाळा माझ्या दुकानात लोटते, उभं राहायला जागा नसते. मुलगे माझ्याकडे. मशीन मारायचं, मानेवर साबण लावून वस्तऱ्यानं कड काढायची आणि शेवटी लोशन थापायचं. मुली टिल्लीकडे. कपाळावरची बट भुवईच्या वर आणायची, टोकं सारखी करायची, संपलं. त्या वर्षी मी लोशन नवीन घेतलं होतं, हिरव्यागार बाटलीतलं. वास असा की फाटकापाशी उभा असलेला माणूससुद्धा सांगेल, आत्ता कोण बसून गेलं.

एका पोराच्या मानेमागे मशीन फिरवताना हाताला गाठी लागल्या. दाबलं तर पोरगं कळवळलं. मी विचारलं, कुणाशी मारामारी केलीस. ते म्हणालं, नाही. मी म्हटलं, तुझ्या तोंडावरच लिहिलंय. तेवढ्यात टिल्लीपण म्हणाली, बाबा, हिच्या कानामागे बघा, वाटाण्याएवढ्या गाठी आहेत. मी मान वर न करता सांगितलं, उवा चावल्या असतील, आईला सांग म्हणावं. झालं. दुकानात एवढी गर्दी असताना गाठी कोण मोजत बसतो.

फोटो झाले, पोरं घरी गेली. पुढच्या आठवड्यात कोपऱ्यावरची शिवणवाली आपल्या पोराचा दंड धरून माझ्या दारात उभी. पोराच्या तोंडावर बारीक लाल पुरळ, मानेवरून खाली सदऱ्यात गेलेलं. पोरगं मजेत होतं, हातात बिस्कीट होतं. आईच्या हातात मात्र माझी कॉलर होती. म्हणाली, हे बघा तुमच्या दुकानाचे प्रताप, नेमकं जिथे तुमचं ते हिरवं पाणी लागलं तिथंच उठलंय. मी काही बोलणार तर मागून आणखी एक आई आली. मग एक बाप. दुपारपर्यंत गल्लीत एकच विषय. एक रोजचं गिऱ्हाईक येऊन बसलं आणि आरशात बघत मला म्हणालं, मामा, तेवढं हिरवं मला लावू नका, माझ्या लग्नाला आधीच उशीर झालाय. लोक हसले. मीपण हसलो, पण हिरवी बाटली हळूच फळीच्या मागे सरकवली.

त्या संध्याकाळी मी घरी आरशासमोर बसून ते लोशन स्वतःच्या मानेला लावून बघितलं. काही झालं नाही. परत लावलं, टॉवेलनं घासलं, परत लावलं. अर्धी बाटली संपवली. शेवटी मान टोमॅटोसारखी लाल झाली. मी हिला दाखवलं, बघ, हेच ते. ही म्हणाली, एवढं घासल्यावर भिंतपण लाल होईल. पण माझी खात्री पटली होती. अख्ख्या शाळेच्या पोरांचं कातडं मी बिघडवलं. आता या फाटकासमोर आपलं दुकान कसलं चालतंय.

सकाळी दुकान उघडलंच नाही. बाटली जुन्या पेपरात गुंडाळली आणि तडक शाळेत हेडबाईंच्या खोलीत गेलो. तिथे आरोग्य केंद्रातल्या सिस्टर बसल्या होत्या, पोरांना एकेक करून तपासत. मी कुणाला नमस्कार केला नाही, काही नाही. बाटली टेबलावर ठेवली आणि म्हटलं, बाई, हे माझ्या हातून झालंय, जी शिक्षा असेल ती द्या.

सिस्टरनी बाटली उघडली, वास घेतला, डोळे मिटले आणि लगेच झाकण लावून टाकलं. मग मला विचारलं,

"हे मुलींना पण लावलं होतं?"

"नाही हो. मुलींचं सगळं माझी पोरगी बघते. तिच्याकडे लोशनचा विषयच नाही."

सिस्टरनी दाराशी उभ्या असलेल्या एका मुलीला खांदे धरून माझ्याकडे वळवलं. तोंडभर तसंच लाल पुरळ.

"मग हिला कुठून आलं?"

तिच्या मागे आणखी दोन मुली होत्या, त्यांनाही तेच. माझ्या डोक्यावरून कुणीतरी पोतं उचलून घ्यावं तसं झालं. मी एवढ्या जोरात हसलो की हेडबाई दचकल्या. मग मी त्यांना माझ्या मानेची गोष्ट सांगितली, कॉलर खाली करून दाखवली. त्यापण हसल्या. शिपायाला सांगून मला चहा मागवला. रोज चहा पितो मी, पण तसला गोड चहा मी कधी प्यायलो नाही.

सिस्टर समजावून सांगायला लागल्या. याला रुबेला म्हणतात. काही पोरांचं रक्त तपासायला पाठवलं होतं, त्यात तेच निघालं. आधी खालच्या वर्गातल्या एका पोराला झालं होतं, घरच्यांना वाटलं उन्हाचं पुरळ आहे, शाळेत येत राहिलं. त्याच्याकडून बाकीच्यांना. खोकल्यातून, शिंकेतून, जवळ बसून पसरतं. कानामागे, मानेमागे गाठी येतात आणि मग पुरळ उठतं. मी म्हटलं, अहो, त्या गाठी तर माझ्या हाताला लागल्या होत्या, मी त्या पोराला मारकुटा ठरवून बसलो. सिस्टर म्हणाल्या, पुरळ उठायच्या आधी आठवडाभर हे दुसऱ्याला लागत असतं, म्हणजे ही पोरं तुमच्या खुर्चीत बसली तेव्हा आजार घेऊनच बसली होती. पोरांचं काही वाईट होत नाही. ताप थोडा, पुरळ तीन-चार दिवस, आठवडाभर घरी ठेवायचं, बस. मी मान डोलवत होतो. मला काय, मी सुटलो होतो.

मग सिस्टरनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. म्हणाल्या, पोरांची मला काळजी नाही, मी शोधतेय ती दुसऱ्याच माणसाला. या मुलांच्या जवळ आलेली कुणी बाई पोटुशी आहे का. शिक्षिका, मदतनीस, कुणाची आई, कुणीही. पहिल्या तीन-चार महिन्यांत आईला हे लागलं, तर पोटातल्या बाळाच्या डोळ्यांवर, कानांवर, हृदयावर येऊ शकतं.

कप माझ्या हातातच राहिला. मुलींचं सगळं माझी पोरगी बघते. आत्ता, याच तोंडानं बोललो होतो मी. ज्या वाक्यानं मी सुटलो, त्याच वाक्यात माझी टिल्ली अडकली होती. गाठीवाल्या मुलीचं डोकं तिनं दोन्ही हातांत धरून वाकवलं होतं, तोंडाजवळ तोंड नेऊन बट कापली होती. एकीची नाही, सगळ्या वर्गांची.

मी सांगितलं. तिसरा महिना, तेही सांगितलं. सिस्टर लगेच उठून माझ्या बाजूला येऊन बसल्या. म्हणाल्या, लागलंच असेल असं नाही, आधी एक सांगा, तिनं लहानपणी रुबेलाची लस घेतली होती का? ती याच शाळेत होती ना? तेव्हा शाळेत येऊन सगळ्या मुलींना ती सुई दिली होती. घेतली असेल तर डोक्याला ताप नाही.

आणि याचं उत्तर मला पाठ होतं. मलाच काय, अर्ध्या गावाला पाठ होतं.

कारण ती माझी सगळ्यात रंगणारी गोष्ट. शाळेत सुईवाल्या बाई आल्या त्या दिवशी टिल्ली वर्गातून पळाली. एका पायात चप्पल, दुसरी तिथंच दारात. रस्ता ओलांडून दुकानात शिरली आणि लोखंडी खुर्चीच्या खाली जाऊन बसली. मला पत्ता नाही. वर गिऱ्हाईक बसलेलं, ते म्हणतंय, अहो, तुमची खुर्ची श्वास घेतेय. मी म्हणतोय, मांजर असेल. दिवे लावायची वेळ झाली तेव्हा झाडू घालताना ती झाडूला लागली. मी ही गोष्ट आवाज काढून सांगायचो, खुर्चीचा श्वास वेगळा, मांजराचा वेगळा. आणि शेवट ठरलेला: अशी आमची टिल्ली, सुईला हरवून आली. लोक पोट धरून हसायचे.

सिस्टरना ती गोष्ट मी चार शब्दांत सांगितली. कुणी हसलं नाही. हेडबाईंनी जुने कागद शोधायला सांगितले, पण शाळेची इमारत बदलली तेव्हा ते सगळे रद्दीत गेले होते. सिस्टर म्हणाल्या, मग रक्त तपासू, त्यात कळतं. अंगात जुनी ताकद आहे का आणि नवी लागण झालीय का, दोन्ही कळतं. आता लस देऊन उपयोग नाही, पोटात बाळ असताना ही लस देतच नाहीत.

घरी जाऊन सांगणं माझ्याच्यानं झालं नाही. हिनंच पोरीला जवळ घेऊन सांगितलं. टिल्लीनं सगळं ऐकून घेतलं. मग मलाच म्हणाली, बाबा, तुम्ही तोंड असं करून दुकानात बसू नका, गिऱ्हाईक पळेल. आरोग्य केंद्रात रक्त घेताना तिनं डोळे घट्ट मिटले आणि माझा अंगठा असा धरला की नख पांढरं पडलं. सुईची भीती अजून तशीच. सिस्टरनी कापूस दाबला तेव्हा डोळे न उघडता म्हणाली, "आता खुर्चीखाली मावत नाही ना मी."

रक्त मोठ्या ठिकाणी जाणार होतं, उत्तर यायला वेळ होता. ती घरी राहिली, मी दुकान उघडलं. लोशनचा डाग पुसला गेला होता, गिऱ्हाईक परत यायला लागलं होतं. पण मला बोलता येईना. तोंड उघडलं की वाटायचं, आता काहीतरी भलतंच बाहेर पडेल. नुसती कात्री चालायची. एकानं विचारलं, मामा, दाढ दुखतेय का. मी मान हलवली, हो म्हणून. दुकानातला रेडिओ मी कधी लावत नाही, तो लावून ठेवला. लोकांना चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं आणि मलाही.

एका सकाळी घंटाकाका आले. शाळेचे जुने शिपाई, जन्मभर घंटा वाजवली म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. आता निवृत्त आहेत, पण दाढी माझ्याकडेच. मी साबण लावला, मान मागे घेतली, एक गाल केला. एक शब्द नाही. दुसऱ्या गालावर वस्तरा टेकवला तेवढ्यात काकांनी हात वर केला, बोटानं ओठावरचा फेस पुसला आणि म्हणाले, "काय झालंय? तुम्ही गप्प आणि वस्तरा माझ्या गळ्यावर. मला भीती वाटायला लागलीय."

त्यांना लपवून काय करायचं होतं. शाळेतला आजार त्यांना माहीतच होता. मी टिल्लीचं सांगितलं, रक्ताचं सांगितलं आणि म्हटलं, त्या दिवशी पळाली नसती तर आज ही वेळ आली नसती. काका आरशातून माझ्याकडे बघत होते. एक गाल तुळतुळीत, एक गाल पांढरा.

"कोण म्हणतं तिला सुई लागली नाही?"

"मी म्हणतो. चप्पल टाकून पळाली होती ती."

"पळाली, पण सुई लागल्यावर पळाली," काका म्हणाले. "हात मी धरला होता तिचा. दंडाला कापूस होता. मागची पोरगी तिला म्हणाली की आता दुसऱ्या दंडाला पण टोचतात. एवढं ऐकलं आणि माझ्या हाताला हिसडा मारून गेली. चप्पल संध्याकाळी मीच नाही का आणून दिली तुम्हाला?"

चप्पल त्यांनी आणून दिली होती, हे खरं. माझ्या गोष्टीत ते येत नव्हतं, कारण तिथे हसू येत नाही.

मी वस्तरा खाली ठेवला. म्हटलं, काका, इतकी वर्षं ही गोष्ट तुमच्यासमोर सांगतोय, एकदा तरी बोलायचं.

"कधी बोलू? ती गोष्ट तुम्ही नेहमी माझ्या हनुवटीखाली वस्तरा असताना सांगता. मान हलवली तर जीव जाईल. आणि दाढी झाली की पाठीवर थाप मारून पुढच्याला बसवता."

मी टिल्लीच्या रिकाम्या खुर्चीत बसलो. काका तसेच अर्ध्या दाढीत. फेस वाळायला लागला होता, त्यांनाही भान नव्हतं. मला त्यांचं बोलणं धरून ठेवावंसं वाटत होतं आणि भीतीपण वाटत होती. कारण हेच काका नाकावर चष्मा असताना दुकानभर चष्मा शोधतात. एकदा यांनी तिसऱ्या तासालाच सुटीची घंटा दिली होती आणि सगळी शाळा घरी गेली होती. अशा माणसाच्या आठवणीवर माझ्या नातवंडाचे डोळे-कान ठेवायचे?

घरी हिला हळूच सांगितलं. ही म्हणाली, पोरीला आत्ता बोलू नका, खोटं निघालं तर दुसऱ्यांदा कोसळेल. बरोबर होतं तिचं. पण मला राहवेना. मी टिल्लीला नुसतं विचारलं, तुला काय गं आठवतं त्या दिवसाचं. ती म्हणाली, खुर्चीची खालची स्प्रिंग आठवते, तुमचे पाय आठवतात, पावडरचा वास आठवतो. त्याच्या आधीचं म्हणाल तर जे तुम्ही सांगता तेच आठवतं. इतक्यांदा ऐकलंय की माझं कुठलं आणि तुमचं कुठलं, मला कळत नाही.

म्हणजे पोरीची आठवणसुद्धा मी माझ्या हातानं छाटून ठेवली होती, बसेल तशी.

मग आरोग्य केंद्रातून निरोप आला, या म्हणून. आम्ही चौघंही गेलो. जावई गाडीवरून तसाच आला, बाहीला पीठ लागलेलं. बाकावर तिघांची जागा, चौघं बसलो. डॉक्टरीणबाई कागद वाचत होत्या आणि आम्ही त्यांचं तोंड वाचत होतो. त्या तोंडावर काही लिहिलेलं नव्हतं. पण त्यांच्या मागे सिस्टर उभ्या होत्या आणि त्यांना काही हसू आवरत नव्हतं. टिल्लीनं ते बघितलं आणि माझा अंगठा सोडला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जुनं संरक्षण भरपूर आहे, नवी लागण नाही. बाळाला या आजाराची भीती नाही."

मग त्यांनी सांगितलं की पूर्ण खात्रीसाठी थोड्या आठवड्यांनी परत एकदा रक्त बघू. तेही नंतर बघितलं, तेच निघालं. पण जीव भांड्यात पडायचा तो तिथेच पडला. हिनं रुमालात तोंड घातलं. जावयानं डॉक्टरीणबाईंचा हात हातात घेऊन हलवला, मग सिस्टरचा, मग माझा, मग बाहेर औषधं देणाऱ्याचा आणि शेवटी रांगेत बसलेल्या एका अनोळखी आजोबांचा. आजोबांनी पण हलवून घेतला. सगळ्यांच्या हाताला पीठ.

मी विचारलं, बाई, हे संरक्षण त्या शाळेतल्या सुईचंच ना? त्या म्हणाल्या, सुईनं आलं की लहानपणी आजार होऊन गेला म्हणून आलं, ते रक्त सांगत नाही. तुम्हाला कुणी बघितलेलं माहीत आहे का? तेव्हा मी टिल्लीला घंटाकाकांचं सांगितलं. अर्ध्या दाढीसकट सांगितलं. ती हसता हसता रडायला लागली आणि म्हणाली, "म्हणजे मी सुई घेऊन पळाले होते. आणि तुम्ही मला गावभर भित्री करून ठेवलं."

तिथून मी सरळ काकांच्या घरी. म्हटलं, आजपासून जन्मभर तुमची दाढी फुकट, घरी येऊन करीन. काका म्हणाले, चालेल, पण अधूनमधून त्या सकाळसारखं गप्प राहायचं.

यानंतर शाळेत लस द्यायचं ठरलं. कुणाची दोन सुयांतली एक राहिली होती, कुणाच्या दोन्ही, कुणी नवीन राहायला आलेले. आई-बापांचं म्हणणं एकच, आजार एवढासा, चार दिवसांत जातो, मग पोराला टोचून कशाला रडवायचं. आता हे म्हणणारे बाप माझ्याच खुर्चीत येऊन बसणार, जातात कुठे. मी फेस लावायचो, वस्तरा हनुवटीखाली न्यायचो आणि सांगायला घ्यायचो. सुई आपल्या पोरासाठी तर आहेच, पण त्याच्या शेजारी बसलेल्या बाईच्या पोटात कोण आहे, ते आपल्याला ठाऊक नसतं. मला नव्हतं का ठाऊक, तरी ध्यानात आलं नाही. एवढं झालं की मात्र आता मी थांबतो. वस्तरा बाजूला, ओठ पुसून देतो आणि म्हणतो, बोला, तुमचं काय म्हणणं. बहुतेकांचं काही म्हणणं नसतं. एकजण म्हणाला, आधी दुसरा गाल करा, मग पोराला घेऊन येतो.

सिस्टरनी माझ्याकडे एक मागणी केली. बाकावर पोरं वळवळतात, तुमच्या खुर्चीत म्हणे पुतळ्यासारखी बसतात. झालं, लोखंडी खुर्ची निघाली. जावई, मी आणि बेकरीतले दोघं, घामाघूम. घंटाकाका रस्त्याच्या मधोमध उभे राहून जुनी घंटा वाजवत गाड्या थांबवत होते. त्यांच्या तोंडावर जो आनंद होता, तो निवृत्तीच्या दिवशीपण बघितला नव्हता. शिवणवाली मध्येच येऊन उभी राहिली. माझ्या कॉलरबद्दल चकार शब्द नाही. खुर्चीच्या फाटक्या गादीवर नवी खोळ चढवली, मापाला अगदी बरोबर, आणि पोराला सगळ्यात पुढे उभं करून म्हणाली, याला आजार होऊन गेलाय, तरी चालतं का विचारा. सिस्टर म्हणाल्या, चालतं, या लसीत गोवराचापण बंदोबस्त आहे.

मी पायानं दांडी दाबायची, पोरगं वर वर जायचं, तोंड उघडं ठेवून खाली बघत राहायचं, तेवढ्यात सुई झालेली. रडायचं लक्षात येईपर्यंत खुर्ची खाली. मध्येच सिस्टर मला म्हणाल्या, मामा, दिवसभर पोरांची डोकी हाताळता, तुम्हीपण बसा. मी पहिला प्रश्न विचारला, घरात पोटुशी पोरगी आहे, मी घेतली तर तिला काही? त्या म्हणाल्या, तिला काही नाही. मग काय, बसलो. दांडी टिल्लीनं दाबली. मी कुणाचा तरी अंगठा धरला होता असं ती सांगते, मला आठवत नाही.

शेवटाकडे एक चिमुरडी सापडेना. बाई शोधतायत, आई हाका मारतेय. मी खुर्चीची दांडी दाबली तर खालून श्वास ऐकू आला. वाकून बघितलं. स्प्रिंगला चिकटून बसली होती. मी तिला बाहेर ओढली नाही, हसलोही नाही. आधी म्हटलं, दंड दाखव. तिनं दाखवला. कापूस चिकटलेला.

"झालीय की तुझी. मग लपलीस कशाला?"

"दुसरा दंडपण आहे ना," ती म्हणाली.

मी सिस्टरना मोठ्यानं विचारलं, आज दुसऱ्या दंडाला आहे का हो. त्या म्हणाल्या, नाही. तेव्हा ती बाहेर आली आणि खुर्चीत बसून एक फेरी फुकट वर-खाली करून गेली.

पुढे वेळेवर टिल्लीला मुलगी झाली. डॉक्टरीणबाईंनी डोळे बघितले, छाती ऐकली, कान तपासले, सगळं ठणठणीत. कानांचं तर मला सांगायचीच गरज नव्हती. टिल्ली तिला दुकानात घेऊन येते, आपल्या खुर्चीशेजारी टोपलीत ठेवते. कात्री चालली की नात मान वळवून बघते, खुर्ची करकरली की हसते. आणि मी गिऱ्हाइकाला गोष्ट सांगायला घेतली की भोकाड पसरते. टिल्ली म्हणते, बाबा, हिच्या तोंडाला फेस नाही, ही मध्ये बोलणारच.